थकलेले भुईभाडे

२७ एप्रिल १७७५ रोजी पॅरिसच्या उत्तरेला, वाझ नदीकाठच्या बोमाँ या बाजारगावी धान्याचा भाव ऐकून लोक खवळले आणि तिथून पुढे दोन-तीन आठवडे आसपासच्या मुलखात दंगलींमागून दंगली होत राहिल्या. २ मे रोजी हे लोण व्हर्सायला पोचले, ३ मे रोजी खुद्द पॅरिसला. फ्रेंच इतिहासात याला ‘पिठाचे युद्ध’ म्हणतात. त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. अनेक ठिकाणी लोकांनी व्यापाऱ्यांची कोठारे उघडली, धान्याचे गाडे अडवले, पण माल फुकट नेला नाही. सेतिये या मापाला १२ लिव्हर (तेव्हाचे फ्रेंच चलन) असा भाव त्यांनी परस्पर ठरवला, तेवढे पैसे मोजले आणि पोती उचलली. चालू भावापेक्षा ही रक्कम बरीच कमी होती, तेव्हा कायद्याच्या लेखी ही लूटच. पण लुटायला आलेला माणूस पैसे कशाला मोजेल?

सरकारने २५ हजार सैनिक उतरवले. ११ मे रोजी पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात दोघांना फाशी दिली. त्यांतला एक केसांचे टोप बनवणारा होता, दुसरा जाळीदार कापड विणणारा.

ज्याच्या धोरणापायी हे घडले तो अर्थमंत्री त्युर्गो कोणी निर्दय सरंजामदार नव्हता. तो त्या काळातल्या सर्वांत स्वच्छ डोक्याच्या माणसांपैकी एक. दिदरोच्या फ्रेंच विश्वकोशात लिहिणाऱ्यांच्या गोटातला, व्हॉल्तेरला आवडणारा, शेतकऱ्यांकडून रस्त्यांवर करून घेतली जाणारी वेठ बंद व्हावी म्हणून झगडणारा. सप्टेंबर १७७४ मध्ये त्याने देशांतर्गत धान्यव्यापारावरची बंधने उठवली. त्यामागचा विचार सरळ होता. धान्य ज्याचे, त्याने ते हवे तिथे, हवे तेव्हा, मिळेल त्या भावाने विकावे. मालकाला चांगला भाव मिळाला की तो शेतीत पैसा घालील, पीक वाढेल, आणि अखेर भाकरी स्वस्तच होईल. केने आणि त्याचे शिष्य, म्हणजे ज्यांना ‘फिजिओक्रॅट’ म्हणतात ती मंडळी, हे वीसेक वर्षे सांगत होती. नेमके त्या वर्षी पीक बुडाले आणि ‘अखेर’ यायच्या आधी मे महिना आला.

अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रबोधनकाळातला मालमत्तेचा वाद आपल्याकडे बहुधा दोन फळ्यांत वाटून सांगितला जातो: इकडे खासगी मालकी पवित्र मानणारे, तिकडे ती मोडू पाहणारे. ही वाटणी सोयीची आहे, पण तिच्यात त्या शतकातली बरीचशी माणसे बसत नाहीत. मालकी नकोच म्हणणारे तेव्हा मूठभर होते. भांडण होते ते क्रमाचे. मालकाचा हक्क आणि उपाशी माणसाचा जगण्याचा हक्क एकाच दारात समोरासमोर आले, तर आधी वाट कोणाला द्यायची? आणि माघार घेणाऱ्याला काय द्यायचे? माझ्या मते या दुहेरी प्रश्नाचे सर्वांत टिकाऊ उत्तर थॉमस पेन या इंग्लंडात जन्मलेल्या क्रांतिकारक लेखकाने दिले. बाजारवाले त्या उत्तराला साम्यवाद समजून घाबरले, साम्यवाद्यांनी ते तडजोड म्हणून बाजूला सारले, आणि आपण तर ते नीट वाचलेच नाही.

सुरुवात सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्यापासून करावी लागते, कारण मालकीचा आधुनिक युक्तिवाद त्याच्याच टाकसाळीतला. देवाने पृथ्वी सर्वांना सामायिक दिली, माणूस तिच्यात आपले श्रम मिसळतो आणि तेवढा तुकडा त्याचा होतो. यावर त्याने एक अट घातली: इतरांसाठी तितके आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे. दुसऱ्याजवळ विपुल असेल, तर मरणाच्या दारातल्या माणसाचा त्यावर हक्क पोचतो, असेही त्याने लिहिले आहे. इथवर सगळे ठीक. पण त्याच्या मालकीवरच्या प्रकरणात एक वाक्य आहे: माझ्या घोड्याने खाल्लेले गवत, माझ्या नोकराने कापलेली ढेकळे आणि मी खणलेले खनिज माझ्या मालकीचे होते. घोडा आणि नोकर एकाच ओळीत. श्रमाने मालकी येते खरी, पण नोकराच्या श्रमाने ती मालकाकडे जाते. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्यांच्या मराठी नातवंडांना या ओळीवर भाष्याची गरज पडू नये.

हाच लॉक १६९७ मध्ये व्यापारमंडळाचा सदस्य म्हणून गरिबांबद्दल अहवाल लिहितो. तीन वर्षांवरच्या मुलांना ‘कामाच्या शाळेत’ घालावे, तिथे त्यांना पोटभर पाव द्यावा आणि थंडीच्या दिवसांत गरज वाटलीच तर थोडी कोमट पेज. भीक मागण्याचा बनावट परवाना बाळगणाऱ्याचे कान कापावेत. हा अहवाल अमलात आला नाही, पण तो वाचल्यावर ‘तितकेच चांगले शिल्लक’ या अटीचे पुढे काय झाले ते कळते. जमीन शिल्लक नाही हे मान्य झाले. ती गेली त्याच्या बदल्यात काय द्यायचे, हा हिशेब मात्र झाला नाही.

रूसोचे १७५५ सालचे ते प्रसिद्ध वाक्य बहुतेकांना ठाऊक असते: जमिनीच्या तुकड्याला कुंपण घालून ‘हे माझे’ म्हणणारा आणि ते खरे मानणारी भोळी माणसे मिळालेला पहिला इसम हाच नागरी समाजाचा खरा संस्थापक. फारसे कोणी न सांगितलेली गोष्ट अशी की त्याच वर्षी विश्वकोशातल्या राजकीय अर्थव्यवस्थेवरच्या लेखात हाच रूसो लिहितो की मालमत्तेचा हक्क हा नागरिकांच्या सर्व हक्कांत पवित्र आहे, काही बाबतींत स्वातंत्र्याहूनही महत्त्वाचा. याला विसंगती म्हणून हसण्यात अर्थ नाही. कुंपण अन्यायातून उभे राहिले असले, तरी आज ते उपटले तर आधी गरिबाची झोपडी उघडी पडेल, हे त्याला कळत होते. मग अन्यायातून आलेली मालकी मोडायची नाही आणि तशीच स्वीकारायचीही नाही, तर करायचे काय? रूसोने कर सुचवले: गरजेपुरते असणाऱ्यावर काही नाही, चैनीवर जबर. वाट बरोबर होती, पण ती त्याने अर्ध्यात सोडली.

आता परत धान्याकडे. त्युर्गोच्या विरोधकांत सर्वांत तल्लख होता तो नेपल्सचा गालियानी, पॅरिसच्या वकिलातीत चिटणीस म्हणून राहिलेला एक ठेंगणा, विनोदी धर्मगुरू. धान्यव्यापारावरचे त्याचे संवाद १७७० मध्ये निघाले. व्यापार खुला ठेवला तर भाव चढेल तिकडे धान्य धावते, हे गालियानी नाकारत नाही. तो फक्त वेळेचा हिशेब मांडतो. टंचाईची बातमी जायला दिवस लागतात, पत्रव्यवहाराला दिवस, जहाज भरायला दिवस, वाऱ्याची वाट पाहायला दिवस. बाजार समतोलावर येतो, पण काही आठवड्यांनी. पोट आठवडे मोजत नाही. अर्थशास्त्राच्या सिद्धान्तावर इतकी साधी आणि इतकी जीवघेणी टीका मी दुसरी वाचलेली नाही. पुढे आलेल्या कितीतरी ‘संक्रमणकाळातल्या यातना’ याच एका हिशेबाने तपासता येतील.

जिनिव्हाचा बँकर नेकर १७७५ च्या वसंतात, ऐन दंगलींच्या सुमारास, त्याच विषयावर पुस्तक काढतो. त्याचे म्हणणे असे की कायदे जवळजवळ सगळे मालकांसाठी झाले. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना त्या कायद्यांतून फार तर भाकरीची शाश्वती मागता येते, आणि तुम्ही तीही काढून घेताय. बँकरच्या तोंडी हे ऐकून आजही गंमत वाटते. लँगे नावाचा वकील याहून कडवट. रोजंदारीच्या मजुरापेक्षा गुलाम बरा, कारण गुलामासाठी पैसे मोजलेले असतात म्हणून मालक त्याला जगवतो, असे तो म्हणे. निदान बिनचूक, औषध भयंकर.

आणि त्युर्गो? त्याच्या चरित्रातला एक भाग त्याच्या भक्तांनाही अडचणीचा वाटतो. मंत्री होण्याआधी तेरा वर्षे तो लिमुझँ या गरीब प्रांताचा कारभारी होता. १७७० च्या सुमारास तिथे दुष्काळ पडला. धान्यव्यापार खुला ठेवण्यावर तो ठाम राहिला. पण त्याचबरोबर त्याने काम मागणाऱ्यांसाठी रस्त्यांची कामे काढली, आपण ज्याला दुष्काळी कामे म्हणतो तशी. शिवाय जमीनदारांना हुकूम दिला की अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुळांना पुढचे पीक येईपर्यंत हाकलायचे नाही, पोसायचे. मालकी पवित्र, पण ज्याच्या श्रमावर ती उभी आहे त्याला दुष्काळात दाराबाहेर काढायचा हक्क तिच्यात येत नाही. धान्याच्या भावाला हात न लावता उपाशी माणसाच्या हातात विकत घेण्याची ताकद द्यायची, असा हा मार्ग होता. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळाची जी मीमांसा मांडली, की माणसे बहुधा धान्य नसल्याने मरतात असे नाही, धान्यावर त्यांचा हक्क पोचत नाही म्हणून मरतात, तिचे बीज लिमुझँच्या त्या रस्त्यांवर सापडते. पॅरिसला गेल्यावर त्युर्गोने रोजगाराची कामे काढली, पण ती उशिरा आणि अपुरी ठरली. सैन्य मात्र वेळेवर पोचले.

फ्रेंच राज्यक्रांतीने हा प्रश्न कायद्याच्या मजकुरात आणला. १७८९ च्या हक्कांच्या जाहीरनाम्याचे शेवटचे, सतरावे कलम मालमत्तेला ‘अभंग आणि पवित्र’ म्हणते. चार वर्षांनी, १७९३ च्या जाहीरनाम्यात, एकविसावे कलम येते: सार्वजनिक साहाय्य हे पवित्र ऋण आहे, समाजाने आपल्या दुर्दैवी नागरिकांना काम देऊन किंवा काम करता न येणाऱ्यांना निर्वाहाचे साधन देऊन जगवले पाहिजे. ही राज्यघटना कधी अमलातच आली नाही. या दोन कलमांच्या मध्ये उभा आहे क्रांतीचा जहाल पुढारी रोबेस्पिएर. २ डिसेंबर १७९२ च्या भाषणात तो म्हणाला की सर्वांत पहिला हक्क अस्तित्वाचा. जगण्याला जे अत्यावश्यक ते सगळ्या समाजाचे सामायिक, त्यापलीकडचे जे उरेल तेवढीच खासगी मालमत्ता. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने मालमत्तेच्या व्याख्येवरच बोट ठेवले: माणसांचा व्यापार करणाऱ्याला विचारा मालमत्ता म्हणजे काय, तो आपले जहाज नावाचे लांबलचक शवपेटीसारखे लाकडी खोके दाखवील. हा टोला अजूनही चुकवता येत नाही. मालकी हा निसर्गसिद्ध हक्क असेल तर गुलामाची मालकीही त्यात येते, आणि ती येत नसेल तर मालकीला आतूनच मर्यादा आहेत हे मान्य करावे लागते.

तत्त्व म्हणून रोबेस्पिएरचे म्हणणे मला पटते, त्याचे हत्यार पटत नाही. सप्टेंबर १७९३ मध्ये जीवनावश्यक वस्तूंच्या कमाल भावाचा सर्वसाधारण कायदा झाला. शेतकऱ्याने धान्य दडवले, शहरांत रांगा लागल्या, खेड्यांत झडत्या घेणारी पथके फिरली, आणि कमाल मर्यादा मजुरीलाही असल्याने ज्यांच्यासाठी कायदा होता तेच त्याच्यावर चिडले. डिसेंबर १७९४ मध्ये कायदा गेला आणि पाठोपाठ आलेल्या कडक हिवाळ्यात भाकरीचा भाव आकाशाला भिडला. भाव बांधून दिल्याने काही काळ जीव वाचतात, हे खरे. पण त्यात गरिबाचा हक्क दुसऱ्या एखाद्या पिकवणाऱ्याच्या अंगणात जाऊन वसूल करावा लागतो, आणि तो पिकवणारा अनेकदा स्वतः फारसा सुखात नसतो. कांदा चार पैसे चढला की निर्यात बंद करणाऱ्या सरकारांचा अनुभव असलेल्या नाशिक-लासलगावच्या शेतकऱ्याला हे पॅरिसहून शिकायला नको.

याच काळात पेन पॅरिसच्या लुक्झेंबुर्ग तुरुंगात होता. राजाला फाशी नको म्हणणारा हा क्रांतिकारक गिलोटिनपासून थोडक्यात बचावला आणि नोव्हेंबर १७९४ मध्ये सुटला. १७९५-९६ च्या हिवाळ्यात त्याने जमिनीच्या न्यायावर एक लहानशी पुस्तिका लिहिली. ती छापायला त्याला उद्युक्त केले एका इंग्रज बिशपने. देवाने श्रीमंत आणि गरीब दोन्ही निर्माण केले यातच त्याचे शहाणपण आणि चांगुलपण दिसते, अशा शीर्षकाचे प्रवचन लँडाफच्या बिशपने छापले होते. पेनचे उत्तर सरळ होते: देवाने स्त्री-पुरुष निर्माण केले आणि पृथ्वी त्यांना वारसा म्हणून दिली. गरिबी आणली ती आपण.

पेनचा युक्तिवाद लॉकच्या आतून जातो, म्हणून त्यात ताकद आहे. मशागतीने जमिनीची किंमत दसपट वाढली हे तो मान्य करतो. ती वाढ मशागत करणाऱ्याची, निःसंशय. पण मशागतीच्या खाली जी जमीन आहे ती त्याने घडवलेली नाही. ती सर्वांची होती. तेव्हा प्रत्येक जमीनमालक समाजाला भुईभाडे देणे लागतो आणि ते आजवर थकलेले आहे. पुढे तो हाच धागा पैशाअडक्यालाही लावतो: एखाद्याला बेटावर एकटे सोडा, तो श्रीमंत होऊ शकत नाही, म्हणजे हाताने कमावले त्यापलीकडचे सगळे समाजात राहिल्याचे फळ आहे आणि त्याचा काही भाग समाजाला परत गेला पाहिजे. मग तो आकडे मांडतो. मालमत्ता वारसाकडे जाताना दहा टक्के काढून घ्यावेत, त्यातून राष्ट्रीय निधी उभारावा. २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एकदाच १५ पौंड आणि पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला वर्षाला १० पौंड द्यावेत. अपंगांनाही तेवढेच. श्रीमंतालाही द्यावेत, कारण हा हक्क आहे. नको असेल त्याने निधीत परत टाकावेत. मी मागतोय ते दान नाही, हक्क आहे, असे तो बजावतो.

या योजनेने क्रमाचा प्रश्न कसा सुटतो ते पाहण्यासारखे आहे. उपाशी माणूस मालकाच्या दाराशी येतो तो याचक म्हणून येत नाही आणि दरोडेखोर म्हणूनही नाही. तो भाडेवसुलीला आलाय. धान्याच्या व्यापाऱ्याला कोणी हात लावत नाही, शेतकऱ्याचे कोठार कोणी फोडत नाही, भाव बाजारात ठरतो. मालकी शाबूत राहते, उलट तिचा पाया अधिक स्वच्छ होतो, कारण मालक आता कोणाचे काही लागत नाही. आणि बोमाँच्या त्या गर्दीला हेच तर हवे होते. तिने पैसे मोजले, कारण व्यापाऱ्याचा हक्क तिला मान्य होता. आपलाही एक हक्क आहे, आणि तो या व्यवहारात कुठेच धरलेला नाही, एवढेच ती सांगत होती.

पेनवर डावीकडून तिखट हल्ला झाला. न्यूकॅसलचा शाळामास्तर थॉमस स्पेन्स १७७५ पासूनच म्हणत होता की गावाची सगळी जमीन गावाच्या मालकीची करा, भाडे गावाने घ्यावे आणि खर्च वजा जाता सर्वांत सारखे वाटावे. हेच सांगणारे आपले व्याख्यान छापून विकल्याबद्दल तिथल्या तत्त्वचर्चा मंडळाने त्याला काढून टाकले होते. १७९७ मध्ये बाळांच्या हक्कांवरच्या पुस्तिकेत त्याने पेनला झोडपले: सगळा वारसा गिळणाऱ्यांकडून दहा टक्क्यांचा तुकडा घेऊन तुम्ही गप्प बसायला सांगताय. त्या पुस्तिकेत बोलते ती एक बाई आहे, आणि गावाचे भाडे वसूल करून वाटायचे काम ती बायकांच्या समितीकडे देते, कारण पुरुषांनी हे काम नीट केलेले नाही. तर्काच्या कसोटीवर स्पेन्स सरस आहे, हे कबूल करावे लागेल. जमीन सर्वांची असेल तर भाडे दहा टक्केच का? पण जो हक्क वसूल करायला आधी सगळ्या मालकांना बेदखल करावे लागते, तो हक्क आजच्या भुकेल्याच्या उपयोगी पडत नाही. गालियानीचा वेळेचा हिशेब इथेही लागू आहे.

उजवीकडचा हल्ला अधिक परिणामकारक ठरला. १७९५ च्या टंचाईत ब्रिटिश राजकारणी एडमंड बर्कने पंतप्रधान पिटला लिहिले की व्यापाराचे नियम हे निसर्गाचे, म्हणून देवाचे नियम. लोकांच्या गरजा भागवणे सरकारच्या हातात नाही. १८०३ मध्ये इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसने आपल्या लोकसंख्येवरच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत एक उतारा घातला: आधीच मालकीत वाटल्या गेलेल्या जगात जन्मलेल्या माणसाला आईबापांकडून निर्वाह मिळत नसेल आणि समाजाला त्याचे श्रम नको असतील, तर अन्नाच्या कणावरही त्याचा हक्क नाही, निसर्गाच्या भव्य मेजवानीत त्याच्यासाठी पान मांडलेले नाही. पुढच्या आवृत्तीत उतारा काढला गेला, विचार राहिला. अॅडम स्मिथला या दोघांच्या रांगेत बसवतात, ते मात्र अर्धेच खरे. दुष्काळ सरकारी ढवळाढवळीतून येतात हे मत त्याचेच. पण मालमत्तेच्या रक्षणासाठी स्थापलेले शासन प्रत्यक्षात गरिबांपासून श्रीमंतांचे रक्षण करण्यासाठी असते, हे वाक्यही त्याचेच, आणि बंगालमध्ये टंचाईचा दुष्काळ होण्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या बंधनांचाही हात असावा, हेही त्यानेच लिहिले. त्याचे एकच पान फाडून भारतात आणले गेले.

ते पान आपल्याकडे कसे आले हे दाखवता येते. १८०५ पासून माल्थस कंपनीच्या महाविद्यालयात, पुढे हेलीबरीला, भारतात येणाऱ्या पोरसवदा अधिकाऱ्यांना अर्थशास्त्र शिकवत होता. त्याचा एक विद्यार्थी प्रिंगल १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्याची मोजणी करायला बसला आणि त्याने खंडाचा ताजा सिद्धान्त जसाच्या तसा रानात उतरवला: खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर हिशेब चोख होता. रानात आकडे खोटे निघाले, वसुली जाच झाली आणि कितीतरी कुळे जमीन टाकून निघून गेली. मग १८३६ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांना दर उतरवून सगळे नव्याने मांडावे लागले. यातली क्रूर गंमत अशी की भुईभाड्याची कल्पना इथेही होतीच. जमिनीचा खंड हा मालकाच्या कष्टाचे फळ नाही, तेव्हा तो सार्वजनिक तिजोरीत जावा, हे पेनसारखेच ऐकू येते. फरक एवढाच की वसुली कसणाऱ्याकडून झाली आणि परत कोणालाच काही मिळाले नाही.

१८७६-७८ च्या दुष्काळात उरलासुरला धडा मिळाला. सरकारने धान्याच्या खासगी व्यापारात हात घालायचा नाही, हे व्हाइसरॉय लिटनच्या राजवटीचे ब्रीद होते. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलने तीन वर्षांपूर्वी बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक वाचवले होते आणि उधळपट्टीचा ठपका घेतला होता. या खेपेला त्याने ताक फुंकून प्यायचे ठरवले: दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्या मजुरीवर काम नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुले जंगलखात्याने गायराने आणि डोंगर गिळल्याची जी तक्रार करतात, ती इंग्लंडात जमीनदारांनी सामायिक रानांना घातलेल्या कुंपणांची तक्रारच आहे, फक्त कुंपण घालणारा इथे सरकार आहे. तरुणपणी जोतीरावांवर ज्याचा प्रभाव पडला त्या पेनच्या मानवी हक्कांवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात मुलांच्या शिक्षणासाठी आणि म्हाताऱ्यांच्या निर्वाहासाठी पौंड-शिलिंगांत मांडलेले अंदाजपत्रक आहे. फुल्यांवरच्या आपल्या चर्चेत धर्मचिकित्सक पेन वारंवार येतो, हा अंदाजपत्रकवाला पेन क्वचितच.

महाराष्ट्राने एकदा नकळत पेनच्या जवळ जाऊन दाखवले. १९७२-७३ च्या दुष्काळानंतर, वि. स. पागे यांच्या आग्रहातून, रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. काम मागणाऱ्याला ते ठरल्या मुदतीत मिळाले पाहिजे, नाहीतर भत्ता. पैसा कुठून आला? मोठा वाटा १९७५ च्या व्यवसाय करातून, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून. आजही पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात दिसते आणि ती कशासाठी सुरू झाली हे बहुतेकांना माहीत नसते. त्या कायद्यात भ्रष्टाचार झाला, कामे निकृष्ट निघाली, सगळे खरे. पण बांधावरची बाई तहसीलदाराकडे जाऊन ‘काम द्या’ म्हणू शकत होती आणि तिच्या हातात कायदा होता.

त्याच्या शेजारी अलीकडच्या योजना ठेवून पाहाव्यात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार सुरू झाले आणि त्यावरून घमासान झाले. विरोध करणारे म्हणाले, रेवडी. समर्थक म्हणाले, भावाची ओवाळणी. दोन्ही बाजूंचे याबाबत एकमत होते की ही भेट आहे. भेट द्यायची की नाही, किती, केव्हा बंद करायची, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर होतात आणि नंतर छाननी सुरू होते. पैसे देण्याला माझा विरोध नाही, उलट मला ते कमी वाटतात. पण ते कुठल्या येण्यापोटी दिले, हे सांगितलेच गेले नाही. सांगितले असते तर दुसरा प्रश्न विचारावा लागला असता: ते देणे कोण लागतो?

आणि त्या प्रश्नाचे उत्तर कुलाब्यापासून ठाण्यापर्यंत डोळ्यांसमोर उभे आहे. मुंबईतल्या जागेची किंमत कोणाच्या मशागतीने वाढली? भर टाकून समुद्र हटवला गेला, रेल्वे आली, तानसा-वैतरण्याचे पाणी आले, गिरण्यांत कोकणातली आणि घाटावरची माणसे राबली. पेनच्या अर्थाने हे भुईभाडे शुद्ध आहे, त्यात मालकाचा घाम जवळजवळ नाही. तरीही ही जागा बापाकडून मुलाकडे जाते तेव्हा समाजाचा वाटा शून्य. भारतात १९५३ पासून वारशावर कर होता. १९८५ मध्ये तो रद्द झाला. वसुलीपेक्षा यंत्रणेचा खर्च भारी पडतो, असे कारण दिले गेले, आणि त्या कायद्यातल्या पळवाटा पाहता ते खोटेही नव्हते. पण पळवाटा बुजवता येतात. शिवाय आता जमिनीच्या नोंदी, सरकारी मूल्यदर आणि बँकखाती एकमेकांना जोडलेली आहेत, तेव्हा १९८५ ची अडचण पुढे करणे म्हणजे जुन्या कुलपाचा बहाणा आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येईल: दोन एकर कोरडवाहू मागे ठेवून गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाकडून तुम्ही दहा टक्के घेणार का? मुळीच नाही. त्याच्या बापाचे श्रम त्या मातीत इतके गेलेत की खालची जमीन वेगळी काढणेच अशक्य, आणि पेनच्या निधीत तो देणेकरी नाही, येणेकरी आहे. मर्यादा उंच ठेवावी, शेती वगळावी, आणि करोडोंच्या शहरी जागांपासून सुरुवात करावी. अडचण निराळीच आहे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेतजमिनीवरचा वारसाकर राज्याच्या यादीत आहे आणि बाकी सगळ्या मालमत्तेवरचा केंद्राच्या. म्हणजे महाराष्ट्राला हा कर लावायचा झाला तर तो फक्त त्या दोन एकरांवर लावता येतो, मलबार हिलवर नाही. तेव्हा ही मागणी विधानसभेत करून भागणार नाही. महाराष्ट्रातून निवडून जाणाऱ्या ४८ खासदारांना लोकसभेत ती करावी लागेल.